शेजारी घेऊन या मग रोपं देतो : ओढ्याकाठच्या देशी रोपवाटिकेचा तीन वर्षांचा अनुभव

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढं येईलच, पण आधी एक सांगतो, नाव आणि फोन नंबर मी मुद्दाम टाकलेला नाही. यंदाची रोपं सगळी बुक झालीत, आता नंबर टाकलास तर रोज पन्नास जणांना नाही म्हणत बसावं लागंल असं तिथल्या आक्कांनीच बजावलंय. कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात भोगावती नदीच्या अंगाला जाऊन बचत गटाच्या बायकांची देशी रोपांची नर्सरी कुठं आहे म्हणून विचारा, कुणीबी दाखवंल. बोर्ड नाही, गेट नाही, शाळेच्या मागं एक चिंचेचं झाड आणि त्याच्या सावलीला वाफे, एवढंच.

तीन वर्षं थांबून लिहितोय कारण रोपं आणल्या दिवशी सगळ्याच नर्सरीतली रोपं हिरवीगार असतात, त्या दिवशी लिहून काय उपयोग. तीन उन्हाळे आणि एक मोठा पूर निघाल्यावर काठावर काय राहिलं ते सांगायला पाहिजे.

आमची जमीन ओढ्याला लागून, साधारण तीनशे फूट काठ. हा ओढा पुढं नदीला मिळतो आणि पंचगंगा फुगली की पाणी ओढ्यातनं उलटं वर चढतं, म्हणजे आम्हाला धारेपेक्षा फुगवट्याचाच मार जास्त. २०१९ च्या ऑगस्टला कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर, जिथं पंचगंगेची पातळी मोजतात, पाणी ५५ फुटांच्या वर गेलतं, धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्यावरनं अंदाज करा. २०२१ च्या जुलैला परत तसंच. ऊस पाण्याखाली राहिला आणि शेंड्यात गाळ बसला की विषय संपला. पण ऊस परत लावता येतो, गेलेला काठ परत येत नाही. त्या दोन पुरांत मिळून आमचा काठ कुठं पाच फूट कुठं आठ फूट आत सरकला आणि मोटारीची पेटी आम्हाला दोनदा मागं घ्यावी लागली.

आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की आजोबांच्या वेळी ह्याच काठाला करंज होते, दोन उंबर होते, जांभळं होती, खाली पाण्याला लागून झुडपं इतकी दाट की जनावरं एकाच वाटेनं पाण्यावर जायची. मग मोटारी आल्या, ऊस आला आणि दर लागणीला एक सरी काठाकडं सरकत गेली. सातबाऱ्यावर जो पट्टा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न धरलेला, म्हणून लिहिलाय तिथंसुद्धा आम्ही ऊस लावला. करंज सरपणाला गेले. हे फक्त आमच्याच शेतात नाही झालेलं, ओढ्याच्या दोन्ही बाजूला वरपासून खालपर्यंत सगळ्यांनीच केलंय.

२०१९ च्या पुरानंतर मी एका मोठ्या नर्सरीतनं देशी झाडं म्हणून ऐंशी रोपं आणलीवती. जरा मोठी झाल्यावर बघतो तर निम्मे गुलमोहर आणि बाकी सुबाभूळ. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, सुबाभूळ मेक्सिकोकडची, ह्यांचा आमच्या ओढ्याशी काय संबंध. २०२१ ला गुलमोहर उपटून वाहून गेले आणि सुबाभूळ मात्र शेंगा फुटून अशी पसरली की अजून उपटतोय. तिकडं परत जाऊन तक्रार केली तर म्हणाले झाड ते झाड, सावली देतंय न्हवं. त्यानंतर काही महिने मी ह्या विषयाचं नावच काढलं नाही.

मग मेव्हण्यानं ह्या नर्सरीचं सांगितलं. एप्रिल २०२२ ला गेलो. म्हटलं शंभर रोपं पाहिजेत, काठाला लावायची आहेत, करंज जांभूळ जे असंल ते द्या, पैसे आत्ताच देतो. तिथल्या मोठ्या आक्का वाफ्यात बसूनच म्हणाल्या, काठ कुणाकुणाचा हाय? म्हटलं माझा. त्या म्हणाल्या, तुझ्या वरच्या अंगाला कोण, खालच्या अंगाला कोण, आणि समोरच्या काठाला कोण? मी नावं सांगितली. म्हणाल्या, ह्यातलं कमीत कमी दोघं घेऊन ये, एक तरी समोरचा पाहिजे, मग रोपं देतो. एकट्याला देत नाही आम्ही.

खरं सांगतो, मला राग आला. पैसे देऊन रोपं घ्यायला आलोय, भीक मागायला नाही, शेजाऱ्याची चिठ्ठी कशाला पाहिजे. त्यात समोरच्या काठाच्या आबांशी आमचं मोटारीच्या पाइपवरनं सात-आठ वर्षं बोलणं बंद. मी तसाच परत निघालो होतो. आक्का उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, दादा पाणी पिऊन जा, आणि मग पंधरा मिनिटं उभ्याउभ्या जे सांगितलं ते मी आजपर्यंत कुठल्या शिबिरात ऐकलेलं नाही. तू एकट्यानं तुझा काठ घट्ट केलास तर पाणी समोरच्याचा खाणार, मग तो दगड टाकणार, मग पाणी परत तुझ्या खालच्याकडं. वरच्या शेतातनं बेशरमीचा एक तुकडा वाहत आला तरी तुझ्याकडं रुजतोय. शेजाऱ्यानं तणनाशक मारलं तर वारा काय बांध बघून वाहत नाही. त्यानं पाचट पेटवलं तर तुझी रोपं जळणार. मग आमची वर्षभराची मेहनत कशाला तुझ्याकडं मरायला पाठवू? आमच्याकडं रोप दीड वर्ष असतंय, लेकरावानी.

मी गेलो आबांकडं. काय बोललो ते इथं लिहीत नाही, पण आबांनी चहा दिला आणि म्हणाले माझा काठ तुझ्यापेक्षा जास्त गेलाय, मला आधी यायला पाहिजे होतं. जूनपर्यंत आम्ही सात जण झालो, दोन्ही काठ मिळून सलग. माझ्या दृष्टीनं ह्या नर्सरीची सगळ्यात मोठी सर्व्हिस हीच, आणि ह्याचे त्या एक रुपया घेत नाहीत.

आता रोपांबद्दल. आक्कांनी माझ्यासमोर एक पिशवी ब्लेडनं उभी कापून दाखवली. करंजाचं रोप, वर दोन फूट, आणि खाली मूळ सरळ, बुडाशी जरा वळायला लागलेलं. मग बाजूला फेकलेल्या ढिगातलं एक जुनं रोप कापलं, त्यात मुळं पिशवीच्या आत गोल गोल गुंडाळून दोरखंड झालेला. म्हणाल्या हे लावलं तर चार वर्षं वाढंल आणि पहिल्या पुराला बुडासकट निघंल, म्हणून आम्ही हे विकत नाही, शाळेच्या कंपाउंडला लावतो. मला माझे गुलमोहर आठवले. तेव्हापासून मी कुठल्याही नर्सरीत गेलो की आधी पिशवीचा तळ बघतो, तुम्हीपण बघत जा.

बिया त्या स्वतः गोळा करतात, पंचवीस-तीस किलोमीटरच्या आतल्याच, ओढ्याकाठच्या जुन्या झाडांच्या आणि पश्चिमेकडच्या गावांच्या देवरायांतल्या, देवाला नारळ ठेवून आणि गावकऱ्यांना विचारून. खाली पडलेलंच उचलायचं, झाडावर चढायचं नाही. एका झाडाखालचं सगळं उचलायचं नाही, वेगवेगळ्या झाडांचं थोडं थोडं. बहाव्याचं बी इतकं कडक की तसंच टाकलं तर महिनोनमहिने उगवत नाही, ते सहाणेवर एका बाजूनं घासून मग रात्रभर पाण्यात. वाळुंजाला आणि शेरणी नावाच्या काठच्या झुडपाला पिशवी लागत नाही, छाट लावले की फुटतात, त्यांचे पैसेपण घेत नाहीत, फक्त तोडायला सोबत या म्हणतात. वाळुंजकर आडनाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं पण वाळुंजाचं झाड मी चाळिशीत पहिल्यांदा बघितलं. पाण्याच्या कडेला वाढणारं, लांब पानांचं, आपलंच.

लावणीच्या दिवशी गटाच्या नऊ बायका आणि गावातली पाच-सहा पोरं आली. आमची सात घरं होतीच. मला वाटलेलं खड्डे काढून रांगेत लावायचं आणि फोटो काढायचा. त्यांनी पहिला तास एक रोप खाली ठेवलं नाही, नुसत्या काठानं हिंडल्या आणि विचारत बसल्या. खालच्या बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यावर पाणी कुठवर येतं? ही खूण कधीची? जनावरं कुठनं उतरतात? बर्ग्याचा प्रश्न मला कधीच सुचला नसता. आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पाऊस सरला की बर्गे घालतात आणि पाणी तुंबतं, म्हणजे काठाचा पायथा पावसाळ्यातच नाही तर हिवाळ्यातही पाण्यात असतो. त्या खुणेच्या खाली काय लावायचं आणि वर काय, ते त्यावरच ठरतं.

म्हणून अगदी पायथ्याला, पाण्यात पाय सोडून, शेरणी आणि वाळुंजाचे छाट, आणि मध्ये मध्ये वाळ्याचे ठोंब. त्याच्या वर उतारावर उंबर, जांभूळ, अर्जुन, करंज, ताम्हण. ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल, मे महिन्यात जांभळा फुलतो, ओढ्याकाठचंच झाड, पण आपण ते शहरातल्या बागेत बघतो. एकदम वर शेताच्या कडेला निर्गुंडी दाट, कारण तिला जनावर तोंड लावत नाही, तेच कुंपण. रांग नाहीच. जिथं काठ खचलेला तिथं दाट, जिथं जुनं खोड जिवंत आहे तिथं काहीच नाही, त्याला नुसतं मोकळं केलं. दोन ठिकाणी करंजाची तोडलेली खोडं होती, त्यांना फूट होती पण आम्ही दरवर्षी कोयत्यानं उडवायचो. आक्का म्हणाल्या ह्याला हात लावू नको, ह्याची मुळं पन्नास वर्षांची आहेत, आमचं कुठलंच रोप ह्याची बरोबरी करणार नाही. ती दोन खोडं आज सगळ्यात उंच झाडं आहेत.

बेशरमी काढायला तीन रविवार गेले. ही उपटून काठावरच टाकायची चूक आम्ही सगळ्यांनी आधी केलेली आहे, तिचा कांडी-कांडीचा तुकडा ओल मिळाली की मुळं धरतो. सगळी वर खडकाळ जागेवर नेऊन उन्हात कडकडीत वाळवली. त्या कामाला आमच्याच घरातली माणसं असली पाहिजेत ही त्यांची दुसरी अट. माणसं लावून करून घेतलं तर तुझी नजर बसत नाही, असं आक्का म्हणाल्या, आणि ते पटलं, कारण आज ओढ्यात बेशरमीचं एक पान जरी दिसलं तरी माझा पुतण्या लांबनं ओळखतो.

खर्चाचं सांगतो. मला एकशे दहा रोपं लागली, एक रोप तीस रुपयांना, म्हणजे तीन हजार तीनशे. शेणखत घरचं. खरा खर्च म्हणजे दोन सऱ्या सोडल्या. तीनशे फुटाला नऊ फूट धरलं तर साधारण अडीच गुंठे ऊस कायमचा गेला. शिवाय वसवा आहेच, झाडं वाढतील तसा जवळचा ऊस बारीक राहणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं, लपवलं नाही. आण्णांना हे जड गेलं. दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मी त्यांना टेपनं मोजून दाखवलं की दोन पुरात गेलेली जमीन जवळजवळ तेवढीच आहे, फक्त ती आपण सोडली नाही, ती गेली.

पहिल्याच उन्हाळ्यात मोठं नुकसान झालं. मार्च २०२३, आमच्यातल्याच एकाच्या फडाचं पाचट पेटवलं आणि वारा फिरला. चाळीसेक रोपं जळाली, काठ काळा. मी नर्सरीत गेलो तेव्हा मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. आक्कांनी येऊन बघितलं, नखानं करंजाची साल बुडाशी खरवडली, आत हिरवी. म्हणाल्या पाणी घाल आणि गप बस. मे सरता सरता बहुतेक करंज आणि वाळुंज बुडापासून फुटले. जांभळं गेली ती गेली, ती त्यांनी पुढच्या पावसाळ्यात निम्म्या पैशात दिली. ज्याच्या हातनं आग लागली त्यानं भर बैठकीत सांगितलं की इथनं पुढं पाचट कुट्टी करून सरीतच टाकणार, आणि तेव्हापासून आमच्या सात घरांत कुणी पाचट पेटवलेलं नाही. ही गोष्ट कुठल्या योजनेनं किंवा दंडानं झाली नसती.

मग २०२४ चा जुलै. पंचगंगेनं परत धोक्याची पातळी ओलांडली, आमचा काठ पूर्ण पाण्याखाली, कितीतरी दिवस नुसता तांबडा समुद्र. मला रात्री झोप लागायची नाही. पाणी उतरायला लागलं तसा मी रोज सकाळी जाऊन बघायचो, कारण पाणी उतरतानाच ओला काठ ढासळतो हे आता माहीत होतं. पायथ्याची शेरणी दिसली तेव्हा पोटात गोळा आला, सगळी आडवी, चिखलानं लिंपलेली, वर कुणाच्या तरी शेतातलं पाचट आणि प्लास्टिक. म्हटलं गेली. मी वाकून एका झुडपावरचं पाचट काढलं आणि फांद्या हातातनं सुटून हळूहळू वर आल्या. मोडली नव्हती, झोपली होती. बुडाशी हात घातला तर दोन्ही बाजूला गाळ अडकून वीतभर नवीन पोयटा बसलेला, आणि त्या पोयट्यात शेरणीची बारीक लालसर मुळं आधीच शिरलेली. मी तिथंच चिखलात बसलो. आण्णांना हाक मारून आणलं, त्यांनी तो पोयटा मुठीत घेऊन दाबून बघितला आणि म्हणाले, ही माती वरच्या गावाची हाय, आपल्याकडं राहायला आली.

आमच्या तीनशे फुटांत त्या पुरात फक्त एका जागी काठ सुटला, जिथं जनावरांची उतरायची वाट होती आणि आम्ही काही लावलं नव्हतं. सात घरांच्या पट्ट्याच्या खाली जिथं अजून काठापर्यंत ऊस आहे तिथं एका शेतकऱ्याचा आंब्यासकट बांध गेला. तो मग ऑगस्टमध्ये स्वतः आबांना घेऊन नर्सरीत गेला. एका ओढ्याच्या एका पट्ट्यावरनं मी सगळीकडं असंच होईल असं म्हणणार नाही. आमची झाडं अजून लहान आहेत, २०१९ सारखं पाणी आलं तर काय होतंय ते अजून बघायचंय. पण माझ्या डोळ्यांनी जे बघितलं ते लिहिलं.

आता झाडांशिवाय काय आलं तर पाणकोंबडी आलीय, वाळ्याच्या ठोंबात. खंड्या वाळुंजाच्या वाकलेल्या फांदीवर बसतो, ती फांदी त्याचीच झालीय. उतारावर आम्ही न लावलेली दोन उंबरं उगवलीत, पाखरांनी टाकलेली.

अर्धा स्टार कापला त्याचं कारण. एक तर दिलेली तारीख कधी पाळली जात नाही, आम्हाला जूनचा दुसरा आठवडा सांगून रोपं चौथ्या आठवड्यात मिळाली आणि तोपर्यंत एक चांगला पाऊस वाया गेला. दुसरं, रोपांना नावाच्या पट्ट्या नाहीत. त्यांना पानावरनं कळतं, आपल्याला कळत नाही, अर्जुन आणि ताम्हणाची लहान रोपं मी घोळात लावली आणि दोन अर्जुन शेताच्या अगदी कडेला आले, आता त्यांचा वसवा जास्त पडणार. हे त्यांना सांगितलंय, यंदा पोरांकडनं खडूनं तरी पिशवीवर लिहून घेतो म्हणाल्या. तिसरं, पहिल्या दोन वर्षांची भांगलण कशी करायची, कुठलं उगवलेलं ठेवायचं आणि कुठलं काढायचं, हे एकदा येऊन सांगतात आणि जातात, खरं म्हणजे दर दोन महिन्यांनी कुणीतरी चक्कर टाकायला पाहिजे, त्याचे वेगळे पैसे घेतले तरी लोक देतील. घाणेरी आणि रानमोडी ह्या पसरणाऱ्या तणांची रोपं आम्ही एक वर्ष चांगलं झुडूप समजून जपली.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सकाळी दहाच्या आत जा, नंतर बायका स्वतःच्या रानात जातात. रोपांच्या रिकाम्या पिशव्या धुऊन परत नेल्या तर त्या घेतात, आम्ही लावणीच्या संध्याकाळीच सगळ्या गोळा करून पोत्यात भरून दिल्या, ओढ्यात एकही जाऊ दिली नाही.

आणि आत्ता जांभळाचा सीझन आहे. जांभळाचं बी सुकलं की मेलं, थोड्या दिवसांत उगवायची ताकद जाते, म्हणून त्यांना ताज्या बिया लागतात आणि पुरत नाहीत. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा आक्का आणि दोन पोरी परातीत बिया चोळून गर काढत बसलेल्या, कोपरापर्यंत हात जांभळे. एका बीतनं कधी कधी दोन-तीन कोंब निघतात, ते पोरी मोजून एकमेकींना दाखवत होत्या. तेव्हा घरी जांभळं खाल्ली तर बिया टाकू नका. धुवा, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि दोन दिवसांत नेऊन द्या. एखाद्या वाटीभर असल्या तरी घेतात, सुकवलेल्या मात्र नेऊ नका.